एक वर्षाच्या आतलं कार्ड

लुबनाची उजव्या डोळ्याची लेन्स फुटली तेव्हा दवाखान्याच्या ओट्यावर वीस-पंचवीस माणसं रक्त तपासायला बसलेली होती. जुलै महिना, तापाचे दिवस. तिने रोजच्यासारखी लेन्स तळहातावर घेतली, लेन्सच्या पाण्याचे दोन थेंब टाकून बोटाने हलकेच चोळली आणि साखरेचा खडा मोडावा तसा बारीक आवाज आला. तळहातावर दोन तुकडे होते.

मेळघाटात, धारणीपासून जीपने तासभर आत, एका कोरकू गावातल्या सरकारी दवाखान्यात लुबना लॅब टेक्निशियन होती. कंत्राटी नोकरी, दर अकरा महिन्यांनी नवा आदेश. घर अकोल्याला, बैदपुऱ्यात. वडील ती बारावीत असतानाच वारले होते. घरी अम्मी होती, बिस्मिल्लाबी, आणि अम्मीचं शिवणाचं मशीन. लुबनाने डीएमएलटी केलं, अर्ज केला आणि जिथे कोणी जायला तयार नव्हतं तिथे गेली. चार वर्षं झाली होती.

डोळ्यांचं दुखणं त्याच्याही आधीचं. एकोणिसाव्या वर्षी चष्म्याचा नंबर दर तीन-चार महिन्यांनी बदलायला लागला, तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की बुबुळ पातळ होऊन पुढे येतंय, गोल राहिलेलं नाही, कोनासारखं झालंय. चष्म्याने भागणार नाही. कडक काँटॅक्ट लेन्स घालावी लागेल, तीही ज्याच्या-त्याच्या डोळ्याच्या मापाने बनवलेली. डाव्या डोळ्यात तोवर एक पुसट डाग पडून गेला होता. त्याच्यावर लेन्स बसायची, पण दिसायचं ते धुरातून पाहिल्यासारखं. खरा कामाचा डोळा एकच, उजवा. सूक्ष्मदर्शकाला ती तोच लावायची.

त्या दिवशी तिने डावा लावला. साधा नंबर असता तर सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू फिरवून भागलं असतं, पण या डोळ्यात एका ठिपक्याचे तीन ठिपके दिसत होते. तिने दुपारपर्यंत रक्ताच्या सोळा काचा पाहिल्या. देवमन नावाच्या माणसाने खांद्यावर आणलेल्या त्याच्या सहा वर्षांच्या मुलीची काच अकरावी होती. लुबनाने ती बराच वेळ पाहिली, काही सापडलं नाही, आणि रजिस्टरमध्ये निगेटिव्ह लिहिलं.

संध्याकाळी इंदूबाई लॅबच्या दारात आल्या. मोर्शीकडच्या, वीस वर्षांपासून इथे असलेल्या नर्स.

"लुबना, थे देवमनची पोरगी अजून थरथर कापून राहिली वं. माह्या मनाले पटत नाही. एकदा पुन्हा पाह्य ना काच."

लुबनाने रजिस्टर मिटलं. मग म्हणाली, "इंदूताई, मले दिसूनच नाही राहिलं."

"म्हंजे?"

"लेन्स फुटली सकाळी. मी सांगितलं नाही कोणाले."

काच डॉक्टरांनी पाहिली. मलेरियाचे जंतू होते, शोधायला लागू नयेत इतके. मुलीला लगेच औषध सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी ती ओट्यावर बसून बिस्किट खात होती. पण लुबनाने स्वतःच्या हाताने लिहिलेला शब्द स्वतःच्या हाताने खोडला होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने ती परतवाड्यावरून अमरावतीला गेली.

तिची लेन्स ज्यांनी बनवली होती ते अकोल्याचे देवीदासकाका दोन वर्षांपूर्वी वारले होते आणि त्यांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळत होती. अमरावतीत मात्र राजकमल चौकाजवळ एक मोठं चष्म्याचं दुकान होतं. तिथे कडक लेन्स मिळते हे तिने फोन करून विचारलं होतं. काउंटरवर योगेश होता. पस्तिशीचा, गळ्यात ओळखपत्र, बोलायला मऊ. तो नुसता विक्रेता नव्हता, डोळे तपासायचं शिकलेला होता.

"कार्ड आणलं का ताई?"

तिने पर्समधून देवीदासकाकांनी दिलेलं कार्ड काढलं. दोन्ही डोळ्यांची मापं, वक्रता, नंबर, सगळं त्यावर होतं. योगेशने ते उजेडात धरलं.

"हे तर दोन हजार एकवीसचं आहे."

"हो. पण तवापासून हाच नंबर चालून राहिला. काही तक्रार नाही."

"तक्रार नसेल ताई, पण कार्ड एक वर्षाच्या आतलं लागते. त्याच्यावरचं असलं की नवीन मापं घ्या लागतात."

"मग घ्या ना. मी बसते."

योगेशने कार्ड खाली ठेवलं. "कडक लेन्सची मापं मी घेत नाही. त्याच्यासाठी नागपूरहून रागिणी मॅडम येतात. दुसऱ्या आन् चौथ्या शनिवारी. आन् त्याच्या आधी तीन आठवडे दोन्ही डोळ्यांत लेन्स घालायची नाही. लेन्सनं बुबुळ दबलेलं असते, ते आपल्या जागी आलं पाहिजे. नाहीतर मापं चुकतात."

"तीन आठवडे?"

"कमीत कमी."

लुबनाने त्याला समजावून सांगितलं. ती लॅबमध्ये आहे, पावसाळ्यात तिथे दुसरं कोणी नाही, लेन्सशिवाय तिला समोरच्या माणसाचा चेहराही नीट दिसत नाही. योगेशने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने हाताने थांबवलं.

"या कार्डावर आहे तशीच बनवून द्या," ती म्हणाली. "मी लिहून देते. माह्या जबाबदारीवर."

"कंपनीच्या फॉर्मवर माझी सही लागते ताई. तुमची चालत नाही."

"काहून चालत नाही? डोळा माहा आहे."

"चार वर्षांत डोळ्याचा आकार बदलला असंल. तुमच्या आजारात बदलतेच. जुन्या मापाची लेन्स बुबुळाच्या टोकावर घासली तर जखम होते. मग तुम्ही मलेच विचारान, की तुम्हाले माहीत होतं तर दिली कशाले." त्याने कार्ड तिच्याकडे सरकवलं. "मी काही तुमचा दुश्मन नाही."

ते तिलाही दिसत होतं. त्याच्यावर चिडता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने शहरातली आणखी दोन दुकानं पाहिली. एकाने असल्या लेन्स आम्ही करतच नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्याने कार्ड पाहिलं आणि तारखेवर बोट ठेवलं. एसटी स्टँडवर बसून तिने मोबाईल डाव्या डोळ्याजवळ धरला आणि एका वेबसाइटवर कार्डाचा फोटो टाकला. दहा मिनिटांत उत्तर आलं की कार्ड वैध नाही, कृपया एका वर्षाच्या आतलं जोडावं.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी तिला महिनाअखेरपर्यंतची बिनपगारी रजा दिली. तोंड वाकडं करून दिली, पण दिली. धारणीचा टेक्निशियन आठवड्यातून दोनदा येईल आणि बाकीच्या काचा डब्यात साठून राहतील, असं ठरलं. "दोन ऑगस्टले हजर राहा," ते म्हणाले. "ऑक्टोबरात तुमचा नवा आदेश निघायचा आहे. मले काहीतरी चांगलं लिहिता आलं पाहिजे."

अकोल्याला घरी आल्यावर तिने डाव्या डोळ्याचीही लेन्स काढून डबीत ठेवली.

ते तीन आठवडे ती घरातल्या घरात भिंतीला हात लावून फिरली नाही एवढंच. दिवा लावला की त्याला सहा-सात शेपट्या फुटायच्या. अम्मीचा चेहरा हाताच्या अंतरावर विरघळून जायचा. ती आवाजावरून माणसं ओळखायची आणि ओळखलं नाही तरी हसायची, म्हणून गल्लीतल्या बायका म्हणायला लागल्या की बिस्मिल्लाबीची पोरगी बाहेर राहून मिजाशी झाली. अम्मी तिला सुईत दोरा ओवून मागायची ती सवय विसरली नव्हती. दोनदा तिने सुई पुढे केली आणि दोनदा मागे घेतली.

"बेटा, वो दुकानवाले को मैं मिलूँ क्या?" एकदा अम्मीने विचारलं. "हाथ जोड लूँगी."

"हाथ जोडने का काम नहीं अम्मी. कायदा है उनका."

"कायदा किसके वास्ते है फिर?"

सव्वीस जुलैला, चौथ्या शनिवारी, दोघी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरल्या आणि ऑटो करून दुकानात पोचल्या. दिवस नीट मोजले तर एकवीस नव्हे, एकोणीस भरत होते. त्यावर काय बोलायचं हे लुबना वाटभर जुळवत आली होती. ते बोलायची वेळच आली नाही.

"मॅडम आल्या नाहीत आज," योगेश म्हणाला. "त्यांच्या घरी कोणी वारलं. काल तुम्हाले दोनदा फोन लावला, लागला नाही."

तिने दिलेला नंबर धारणीच्या सिमचा होता. ते सिम अकोल्याला आल्यावर काढून ठेवलं होतं.

"मग आता?"

"नऊ ऑगस्टले येतील. दुसरा शनिवार."

"दोन तारखेले मले हजर व्हायचं आहे."

"मग लेन्स न घालता हजर व्हा न् नऊला या."

"लेन्स न घालता मी तिथं काय करू भाऊ? रजिस्टरवर बसू?"

योगेशने दुसऱ्या दुकानांची नावं सांगितली, एक नागपूरचं, एक पुण्याचं. दोन्हीकडे आधी वेळ घ्यावी लागत होती. तिथूनच त्याने नागपूरला फोन लावून पाहिला. एकवीस ऑगस्टची वेळ मिळत होती. त्याने फोनवर हात ठेवून लुबनाकडे पाहिलं. तिने नाही म्हणून मान हलवली. अम्मी काचेच्या कपाटाला टेकून उभी होती. तिने खरोखरच हात जोडले, आणि योगेश इतका ओशाळला की काउंटरच्या मागून बाहेर येऊन त्याने तिला खुर्ची दिली. त्याच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं.

त्या रविवारी दुपारी, अम्मी नमाज पढत असताना, लुबनाने कार्ड खिडकीशी नेलं. तारीख इंग्रजी आकड्यांत होती. शेवटचा आकडा एक. इंग्रजी एकाचा चार करायला दोनच रेघा लागतात, एक तिरपी आणि एक आडवी. पेनची शाई तीच निळी होती. कार्ड नाकाला लागेल इतकं जवळ धरून तिने त्या दोन रेघा ओढल्या. खोटं काम तिने आयुष्यात केलं नव्हतं असं नाही, पण कागदावर नव्हतं केलं. लॅबमध्ये कागदावर जे लिहिलं जातं त्यावर माणसाचं औषध ठरतं, हे ती चार वर्षं रोज पाहत होती.

ताजनापेठेत शाकीबचं छोटं चष्म्याचं दुकान होतं. लुबनाच्या शाळेतल्या मैत्रिणीचा हा भाऊ. तो बाहेरून लेन्स मागवून द्यायचा. त्याने कार्ड पाहिलं.

"पिछले नवंबर का है ना बाजी? फिर तो चलेगा. चेकिंग हुई थी बराबर?"

"हुई थी."

"आँख में कुछ तकलीफ?"

"नहीं."

लेन्स पाचव्या दिवशी आली. हजर व्हायच्या आदल्या दिवशी तिने ती शाकीबच्या दुकानातच आरशासमोर घातली. डोळ्यातून पाणी वाहिलं, पापणी फडफडली, आणि मग रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी अक्षर न् अक्षर दिसायला लागली. शाकीबने पाहू नये म्हणून ती तोंड फिरवून उभी राहिली.

दवाखान्यात डबाभर काचा तिची वाट पाहत होत्या. पहिले पंधरा दिवस तिने मान वर केली नाही. जांभळ्या रंगातले ते बारीक जंतू, त्यांच्या कडा, त्यांचे टपोरे ठिपके, सगळं पुन्हा जागच्या जागी होतं. राहून गेलेल्या काचांमध्ये नऊ पॉझिटिव्ह निघाल्या. इंदूबाई ती नावं घेऊन गावोगाव फिरल्या. डॉक्टरांनी एकदा लॅबमध्ये डोकावून, "जमलं म्हणा," एवढं म्हटलं.

ऑगस्टच्या शेवटी संध्याकाळी डोळा लाल व्हायला लागला. लेन्स काढली की बरं वाटायचं, म्हणून ती दुपारी जेवताना काढून ठेवायची आणि पुन्हा घालायची. नऊ तारीख मागेच गेली होती. सप्टेंबरच्या शनिवारी जायचं तिने ठरवलंही, पण त्या आठवड्यात एका पाड्यावर तापाचे चाळीस रुग्ण निघाले आणि रजेचं नाव काढायची सोय राहिली नाही. शिवाय रागिणी मॅडम पहिलं वाक्य काय बोलतील हे तिला माहीत होतं. लेन्स तीन आठवडे काढून या.

"डोळा पाह्य तुहा, टमाट्यासारखा झाला," इंदूबाई म्हणाल्या. "जाय अमरावतीले."

"ऑक्टोबरात आदेश निघू द्या ताई. मग जाते."

"तोवर राहीन का थो डोळा?"

"औषध टाकून राहिली ना मी."

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, एका सकाळी लेन्स घालताना तिच्या तोंडून किंकाळी निघाली. उजेड सहन होईना. इंदूबाईंनी तिच्या डोळ्यावर ओला रुमाल ठेवून तिला जीपमध्ये बसवलं आणि धारणीहून पुढे एसटीने स्वतः सोबत आल्या. अमरावतीत डोळ्यांच्या दवाखान्यात पाच दिवस दर तासाला औषधाचे थेंब पडत राहिले. जखमेत जंतू झाले होते. ते गेले. डोळा वाचला असं सगळे म्हणाले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी ती अम्मीसोबत राजकमल चौकातल्या दुकानात गेली. रागिणी मॅडम आल्या होत्या. वयाने लुबनाहून फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी डोळ्यात पिवळं औषध टाकलं, निळा दिवा लावून बराच वेळ पाहिलं आणि मग लुबनाने डबीतून आणलेली लेन्स उचलली.

"ही लेन्स कुणी दिली तुम्हाला?"

"आठवत नाही."

मॅडमनी दिवा बंद केला. "जखम अगदी मधोमध होती. भरली आहे, पण डाग राहणार. यावर आता कुठलीही लेन्स घालून उपयोग नाही. बुबुळ बदलावं लागेल, म्हणजे दुसऱ्याचं बसवावं लागेल. मी चिठ्ठी देते, नागपूरला नाव नोंदवा."

"किती दिवस लागतात?"

"कधी वर्ष, कधी दोन. आणि बदलल्यावरही किती दिसेल हे आधी सांगता येत नाही."

"डावा डोळा?"

"त्याची मापं घेऊ शकते मी. पण त्याला सुरुवातीपासूनच डाग आहे. तुम्ही सांगताय तसलं काम त्या डोळ्याने होणार नाही."

अम्मीला मराठी सगळं कळायचं. तिने लुबनाचा हात धरून तिला खुर्चीवरून उठवलं.

बाहेर योगेश चिठ्ठी पाकिटात घालत होता. लुबना काउंटरशी उभी राहिली. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, शर्टाचा निळा रंग तेवढा दिसत होता.

"कार्डावर एकाचा चार मीच केला," ती म्हणाली. "लेन्स देणाऱ्या दुकानवाल्याले माहीत नव्हतं. कोणी विचारलं तर सांगा."

योगेशने पाकीट खाली ठेवलं. "त्या शनिवारी मॅडम आल्या असत्या तर…"

"तर काय?"

"काही नाही. नवीन मापाची मिळाली असती. कदाचित."

"तुमचा नियम बरोबर होता भाऊ. मी पण लॅबवाली आहे, मले समजते. पण थो पाळाले जेवढं थांबा लागते, तेवढं मले कोणी थांबू देत नव्हतं. थे कोणाच्या कागदावर नाही."

त्याने पाकीट तिच्या हातात दिलं. हात चुकला, दुसऱ्यांदा नीट दिलं. त्याला काही बोलायचं होतं असं तिला वाटलं, पण एक बाई मुलाच्या चष्म्याची दांडी तुटली म्हणून घाईत आत आली आणि तो तिकडे वळला.

नवा आदेश निघाला नाही. डॉक्टरांनी त्यांच्या परीने चांगलं लिहिलं होतं, पण सोबत डोळ्यांचा दाखला लागत होता आणि तो कोणी देणार नव्हतं. नागपूरला नाव नोंदवलं. नंबर तीनशेच्या पुढचा मिळाला. महिन्यातून एकदा लुबना तिथे फोन करते आणि तिकडची बाई सांगते की अजून बराच वेळ आहे, आम्हीच कळवू.

बैदपुऱ्यातल्या घरी ती आता अम्मीने शिवलेल्या कपड्यांना हाताने चाचपून बटणं लावते. अम्मी सुईत दोरा ओवून देते. सकाळी ऊन आलं की खिडकी कुठे आहे ते कळतं, आणि अम्मीची ओढणी हिरवी की लाल तेही कळतं. बाकीचं ती विचारून घेते.

डिसेंबरात इंदूबाईंचा फोन आला. लॅबमध्ये नवी मुलगी आली होती, यवतमाळकडची.

"कशी आहे?" लुबनाने विचारलं.

"बरी आहे. घाई लय करते. एका काचेले दोन मिन्टं नाही देत. तू कशी पाहत होती, तशी नाही पाहत." इंदूबाईंनी मागे कोणाला तरी ओट्यावर बसायला सांगितलं. "देवमन आलता काल. विचारत होता, थे काचा पाहनारी बाई कुठं गेली म्हणून. काय सांगू त्याले?"

अम्मीचं मशीन थांबलं होतं. ती ऐकत होती.

"नाही येत म्हणा आता," लुबना म्हणाली.

"असं नको म्हनू वं. नंबर लागन ना तुहा."

"लागन, ताई."

मग तिकडची रेंज गेली. लुबनाने फोन चाचपून खाली ठेवला आणि अम्मीला विचारलं की आता कुठल्या रंगाची बटणं लावायची आहेत.